'ग्लास हाउसेस': जवळचं, सुरक्षित कॉलेज आणि गावभर व्हॅम्पायर

तळमजला
व्हॅम्पायर आणि कॉलेजकन्यका असं मुखपृष्ठ दिसलं की आपण आधी नाक मुरडतो आणि मग रात्री दीडपर्यंत वाचत बसतो. रेचेल केनच्या 'ग्लास हाउसेस'चं माझं तेच झालं. पुस्तक २००६ चं, मॉर्गनव्हिल मालिकेतलं पहिलं. २०१३ पर्यंत एकूण १५ भाग आले. सगळे वाचाच असा आग्रह नाही, पण पहिल्यावर गप्पा मारायच्या आहेत म्हणून धागा.

गोष्ट अशी. क्लेअर डॅनव्हर्स, वय वर्षे १६, अभ्यासात भयंकर हुशार, शाळा लवकर उरकून मोकळी झालेली. तिला एमआयटीला, म्हणजे पार बॉस्टनकडच्या नामांकित तंत्रविद्यापीठात, जायचंय. आईबाबांचा जीव खालीवर. एवढीशी पोर, इतक्या लांब, एकटी? मग तडजोड: आधी टेक्ससमध्येच, हाकेच्या अंतरावर नाही तरी गाडी काढून जाता येईल अशा एका छोट्या गावातल्या विद्यापीठात एकदोन वर्षं काढायची, थोडी मोठी झालीस की जा कुठे जायचं ते. गाव छोटं आहे, शांत आहे, रात्री रस्त्यावर कुणी नसतं. रात्री रस्त्यावर कुणी का नसतं हे आईबाबा विचारत नाहीत. त्या गावाचा, म्हणजे मॉर्गनव्हिलचा, कारभार व्हॅम्पायरांच्या हातात आहे.

मी इथेच गळाला लागले. आईबाबा दुष्ट नाहीत, बावळट नाहीत. आपल्यापैकी कुणीही केला असता तोच हिशेब त्यांनी केलाय. मुलीला लांब पाठवायची भीती, म्हणून जवळ पाठवलं. बाकी सगळं त्यातून घडतं.

बरं, पहिली पन्नासेक पानं व्हॅम्पायरचा पत्ताच नाही. आहे ते वसतिगृह. धुवायला टाकलेले कपडे चोरीला जातात. मोनिका नावाची, महापौरांची लाडकी कन्या आहे. तिची इतिहासातली एक ढोबळ चूक क्लेअरने चारचौघींत दुरुस्त केली, एवढंच निमित्त. मोनिका तिला जिन्यावरून ढकलून देते. तक्रार करणार कुणाकडे, मोनिकाचा भाऊच पोलिसात. मग क्लेअर पेपरातली खोली भाड्याने देण्याची जाहिरात बघून, सुजलेल्या तोंडाने, एका जुन्या घराची बेल वाजवते. तेच ग्लास हाउस. 'ग्लास' हे घरमालकाचं आडनाव, काचेशी संबंध नाही.

आत तिघं राहतात, सगळे अठराच्या आसपासचे. मायकल ग्लास, गिटारवाला, दिवसा कधीच दिसत नाही. इव्ह, पांढराफटक मेकअप करून काळे कपडे घालणारी, कॉफीच्या दुकानात कामाला. शेन, घरातला आचारी कम आळशी.

यापुढे थोडं फोडावं लागणार, तेव्हा ज्यांना कोरं वाचायचंय त्यांनी इथून कल्टी मारा.

या चौघांची घर सोडण्याची तऱ्हा वेगळी आहे. क्लेअर लांबून आलेली. इव्हने त्याच गावात आईबापांचं घर सोडलंय. मॉर्गनव्हिलमध्ये प्रत्येक कुटुंबाचा एक व्हॅम्पायर 'पालक' असतो, त्याच्या खुणेचं कडं मनगटात घालायचं, रक्त द्यायचं, बदल्यात संरक्षण. अठरा पूर्ण होईपर्यंत आईबापांच्या करारात तुमचं निभतं, नंतर स्वतः सही करायची. इव्हने केली नाही. शेनचं कुटुंब गाव सोडून गेलं होतं, तो परत आलाय. आणि मायकल? त्याचे आईवडील गाव सोडून गेलेत, तो घरात मागे राहिलाय. त्याला एका व्हॅम्पायरने मारलं, घराने वाचवलं, पण अर्धंच. दिवसा तो नसतोच, रात्री हाडामांसाचा असतो आणि उंबरठा ओलांडू शकत नाही.

घर सोडण्याच्या कादंबरीत ज्याला घर सोडताच येत नाही असा घरमालक! हे सुचलं तिथेच लेखिकेने बाजी मारली. तुम्हाला काय वाटतं?

निशाचर_नाशिक
वाचलंय. आवडलंय. कड्याची भानगड म्हणजे सरळसरळ हप्ता आहे हो. दुकान चालू ठेवायचंय ना, मग भाऊंचा फोटो लावा. भीती वाटते ती दातांची नाही, सगळं गाव किती निवांतपणे सही करून मोकळं झालंय त्याची.

रुखवत
छान लिहिलंय तळमजला. एक शंका. लेक तेरा पूर्ण होतेय, वाचनाचा फडशा पाडते. देऊ का हातात? 'तसलं' काही आहे का?

तळमजला
'तसलं' पहिल्या भागात जवळपास नाही. शेन आणि क्लेअरमध्ये गुंतागुंत आहे, पण ती १६ ची आहे हे तो विसरत नाही, पाय मागे घेतो, आणि त्यावर दोघांचं बोलणंही होतं. हे मला फार बरं वाटलं. या प्रकारच्या पुस्तकांत शेकडो वर्षांचे घोडे शाळकरी मुलींच्या मागे लागलेले असतात, त्या मानाने हा १८ वर्षांचा चिली करून घालणारा पोरगा म्हणजे संतच. मारहाण मात्र खरी आहे, लागतं. दुसऱ्या भागातला पार्टीचा प्रसंग जास्त अंगावर येतो. मी असते तर चौदा-पंधरापर्यंत थांबले असते आणि आधी स्वतः वाचलं असतं.

वाळवंटी
अरे वा, आमच्या गावचा धागा! मॉर्गनव्हिल काल्पनिक आहे, पण पश्चिम टेक्सस मी एमएस करताना भोगलाय, लबकला. लेखिका पण लबकच्या टेक्सस टेकमध्ये शिकलेली, ते पानोपानी जाणवतं.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: जमीन इतकी सपाट की रस्त्याच्या टोकाला येणारी गाडी आधी ठिपका म्हणून दिसते आणि बराच वेळ ठिपकाच राहते. कापसाची शेतं, तेलाचे डुलणारे पंप. मार्च-एप्रिलमध्ये वारा सुटला की आकाश विटकरी होतं, खिडक्या बंद असल्या तरी सकाळी टेबलावर बोटाने नाव लिहिता येतं. पावसाची बोंब. ऊन मात्र रग्गड. आता मला सांगा, ऊन बाधणाऱ्या जमातीने वसाहत करायला हेच ठिकाण शोधावं? बाकी अमेरिकेत ढगाळ गावांची काय वानवा होती?

निशाचर_नाशिक
@वाळवंटी, मला तर ते पटलं. जिथे व्हॅम्पायर असण्याची शंका कुणाला येणार नाही तिथेच राहावं. शिवाय या पुस्तकात म्हातारे व्हॅम्पायर ऊन थोडंफार सोसतात, नवखे भाजतात. अमेलीसारखी बाई, जिने गाव वसवलं, ती आपल्या लोकांना अंधार पडेपर्यंत घरात बसवून ठेवायला ऊनच वापरत असेल. कर्फ्यू लावायला पोलीस लागत नाहीत.

वाळवंटी
हा मुद्दा भारी आहे. मान्य.

अवांतर: शेनच्या चिलीवरून आठवलं. चिली हा टेक्ससचा अधिकृत राज्यपदार्थ आहे, १९७७ पासून. पक्के टेक्ससकर त्यात राजमा घालू देत नाहीत, नुसतं मांस आणि सुक्या मिरच्या. आम्ही चार देशी पोरं एका घरात राहायचो, शाकाहारी दोघं, त्यामुळे आमच्यात नुसता राजमा आणि मिरच्या असायच्या आणि त्याला आम्ही चिली म्हणायचो. शेजारच्या आजोबांनी एकदा चाखली आणि फार सभ्यपणे 'सूप चांगलं झालंय' म्हणाले.

रक्तगट_ओ
मी रक्तपेढीत काम करते, त्यामुळे मी हे पुस्तक वेगळ्याच डोळ्यांनी वाचलं. लेखिकेने गावात रक्त गोळा करणारी गाडी फिरवलीय, तर हिशेब करूया.

आपल्याकडे रक्तदात्याचं वय किमान १८, वजन किमान ४५ किलो. क्लेअर वयातच बाद, तिचं वर्णन वाचून वजनाचीही मला खात्री नाही. एका वेळी ३५० किंवा ४५० मिली. पुरुषांनी दोन वेळांत ९० दिवस, बायकांनी १२० दिवस अंतर ठेवायचं. म्हणजे बाई वर्षातून तीनदा, पुरुष चारदा. अमेरिकेत नियम सैल, ५६ दिवसांनी चालतं, म्हणजे वर्षातून सहा वेळा.

समजा एका व्हॅम्पायरला रोज एक पिशवी लागते. वर्षाच्या ३६५. अमेरिकन नियमाने एकामागे साठेक दाते लागतील, आपल्या नियमाने शंभरावर. गावात शंभर व्हॅम्पायर धरले तर अमेरिकन हिशेबानेही ६००० धडधाकट प्रौढ हवेत, आणि त्यातले किती अशक्त निघतील, किती गरोदर असतील, किती औषधांवर, ते धरलंच नाही. तांबड्या पेशी साठवल्या तरी ३५ ते ४२ दिवस टिकतात, फार साठाही करता येत नाही. म्हणून मला पहिल्यांदा उलगडलं की त्या आडगावात विद्यापीठ का आहे. दर वर्षी हजारभर अठरा-एकोणीस वर्षांची सशक्त मुलं आपल्या पायाने येतात, फी भरून.

रुखवत
बापरे!! फी भरून!! आता माझी लेक हॉस्टेलला जाईल तेव्हा मला हेच आठवणार.

तळमजला
रक्तगट_ओ, दंडवत. पुस्तकात बहुतेक विद्यार्थ्यांना काही पत्ता नसतो, ते आवाराबाहेर फारसे पडत नाहीत, पदवी घेऊन निघून जातात. आणि गाव सोडलं की तिथल्या आठवणी पुसट होतात, हा आणखी एक बंदोबस्त. शेनच्या आईला गावाबाहेर गेल्यावर हळूहळू सगळं आठवायला लागलं होतं, म्हणूनच तिचा घात झाला.

बर्फाळ_काका
मी पेनसिल्व्हेनियात असतो, गेली बरीच वर्षं. धागा वाचताना जवळच्या कॉलेजचा मुद्दा डोक्यातून जाईना, कारण इकडे प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावर एका मुलीच्या नावाचा अहवाल असतो.

जीन क्लेरी. तिचे दोन्ही भाऊ लुइझियानातल्या टुलेन विद्यापीठात शिकलेले, तिलाही तिथे जायचं होतं. पण तिथल्या एका विद्यार्थिनीचा खून झाल्याचं कळलं आणि आईवडिलांनी बेत बदलला. घराजवळचं, टेकडीवरचं, देखणं लीहाय विद्यापीठ निवडलं. ५ एप्रिल १९८६ ला पहिल्याच वर्षी वसतिगृहातल्या स्वतःच्या खोलीत जीनचा बलात्कार करून खून झाला. करणारा त्याच विद्यापीठाचा विद्यार्थी. इमारतीचे आपोआप बंद होणारे दरवाजे कुणी कुणी अडकण लावून उघडे ठेवले होते.

आईवडिलांना नंतर कळलं की आवारात आधीही बरेच गुन्हे झाले होते, बाहेर कुणाला सांगितलेले नव्हते. ते दोघं हात धुऊन मागे लागले. १९९० साली कायदा झाला: कॉलेजांनी आपल्या आवारातल्या गुन्ह्यांचे आकडे दर वर्षी जाहीर करायचे. १९९८ पासून तो जीनच्या नावाने ओळखला जातो. माझ्या मुलाच्या वेळी आम्ही तो अहवाल काढून रकाना न् रकाना वाचला होता.

आता तुमच्या मॉर्गनव्हिलच्या विद्यापीठाने हा अहवाल कसा भरला असेल? मला वाटतं सगळीकडे शून्य. आणि क्लेअरच्या आईबाबांनी तो वाचून समाधानाने मान डोलावली असेल.

तळमजला
काका, अंगावर काटा आला. कादंबरीत हे कुठेही नाही, पण यापुढे मला ते आईबाबा याशिवाय वाचता येणार नाहीत.

दहीमिसळ
सगळे आरत्या ओवाळताय म्हणून मी जरा मिरची टाकतो.

एक, क्लेअर एवढी हुशार, एमआयटीच्या तोडीची, आणि तिला 'अंधारात बाहेर पडू नकोस' हे चार वेळा सांगूनही ती पाचव्यांदा बाहेर पडते. लेखिकेला संकट हवं असलं की हिची अक्कल चरायला जाते. वर्ग बुडवणार नाही म्हणे! जीव जायची वेळ आलीय आणि बाईसाहेब रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत.

दोन, आईबाबा. तळमजला, तुम्ही त्यांच्यात फार काही बघताय. पहिल्या भागात ते आहेत कुठे? फोनवर. आई काळजी करते, मुलगी 'सगळं ठीक आहे' म्हणते, फोन ठेवते. पुठ्ठ्याचे आहेत.

तीन, शेवट. हा शेवट नाहीच. शेनचा बाप त्याची मोटरसायकलवाली टोळी घेऊन येतो, भयंकर काहीतरी होतं आणि पान संपतं. पैसे एका पुस्तकाचे घ्यायचे आणि पाऊण पुस्तक द्यायचं. याला आमच्याकडे मापात पाप म्हणतात.

तळमजला
तिसरा मुद्दा शंभर टक्के मान्य. मी पुस्तक भिंतीवर फेकायच्या बेतात होते, फोनवर वाचत होते म्हणून वाचला फोन.

पहिला अर्धा मान्य. पण वर्ग न बुडवण्याबद्दल मी भांडेन. ती मुलगी घरचा सगळा जीव टांगणीला लावून, एमआयटीवर पाणी सोडून तिथे आलीय. परत घरी जायचं म्हणजे 'बघ, आम्ही सांगत होतो' ऐकायचं. जिन्यावरून ढकलल्यावरही ती आईला फोन करून रडत नाही, का? कारण तिला माहितीये, आई लगेच गाडी काढून न्यायला येईल. सोळाव्या वर्षी ही भीती दातांपेक्षा मोठी असते. वसतिगृहात राहिलेल्या कुणालाही विचारा.

आणि दुसरा मुद्दा त्यातच आला. 'सगळं ठीक आहे' म्हणून फोन ठेवणं हेच त्या नात्याचं चित्र आहे. आपण घरी फोन करून दुसरं काय सांगायचो? मेसचं जेवण बरंय, अभ्यास चालूये, पैसे पुरतात.

गच्चीवरची_खोली
+१. इथे जरा माझं सांगते. वसतिगृहाचं पहिलं वर्ष, कॉलेजचं नाव सांगत नाही. सीनियर मुली रात्री उठवून गाणी म्हणायला लावायच्या, अंघोळीच्या बादल्या लपवायच्या. एकीने माझी गादी पाण्यात भिजवली. थंडीचे दिवस. मी वर्तमानपत्रं पसरून झोपले आणि रविवारी घरी फोनवर सांगितलं की इथे छान मैत्रिणी मिळाल्यात. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे, तेव्हाही होता, आम्हाला माहीतही होता. फलक होता की लावलेला, जिन्याखाली. पण तक्रार ज्यांच्याकडे करायची त्या बाई त्याच सीनियर मुलींबरोबर चहा प्यायच्या.

मोनिकाचा भाऊ पोलीस असतो तो परिच्छेद वाचून मी पुस्तक खाली ठेवलं आणि उगाच भांडी घासून आले.

रुखवत
@गच्चीवरची_खोली, मिठी. आईला नंतर कधी सांगितलंस?

गच्चीवरची_खोली
माझ्या लग्नात. ती म्हणाली, मला माहीत होतं, आवाजावरून कळलं होतं, पण तू सांगत नव्हतीस म्हणून विचारलं नाही.

दहीमिसळ
ठीक आहे, पुठ्ठ्याचे हा शब्द मागे घेतो. शेवटाबद्दल घेणार नाही.

पिंपळपार
रच्याकने, व्हॅम्पायर हे पाश्चात्त्य प्रकरण, मराठीत जमायचं नाही असं कुणी म्हणायच्या आत आठवण करून देतो, धारपांची 'लुचाई' आहे. स्टीफन किंगच्या 'सालेम्स लॉट' या इंग्रजी कादंबरीवरून बेतलेली, आणि वाडा, गाव, माणसं पार आपली. पण तिथेही सगळी भीती गावात राहणाऱ्यांची आहे. गाव सोडून शिकायला गेलेल्या पोरीची व्हॅम्पायरकथा मराठीत मी तरी वाचलेली नाही. कोथरूडमधली तीन खोल्यांची पेइंग गेस्ट, मालकीणबाई दिवसा दिसत नाहीत, भाडं रोख नको म्हणतात... घ्या कुणीतरी लिहायला.

निशाचर_नाशिक
अनामत मात्र अकरा महिन्यांची घेणार. मेल्यावर परत मिळेल.

वाळवंटी
मला इव्हबद्दल कुणी बोललं नाही याचं वाईट वाटतंय. पुस्तकातलं सगळ्यात धीट पात्र ती आहे. क्लेअर आज ना उद्या एमआयटीला जाईल, तिच्या खिशात परतीचं तिकीट आहे. इव्हचं काय? तिचे आईबाप, तिचा तो नकोसा झालेला 'पालक' ब्रँडन, सगळे दहा मिनिटांवर. ती जिथे कॉफी विकते त्या दुकानाचा सज्जन, हिप्पी छाप मालक ऑलिव्हरदेखील खरा व्हॅम्पायरच. आणि ही बाई खुद्द व्हॅम्पायरांच्या गावात व्हॅम्पायरसारखा मेकअप करून हिंडते. लांब जाऊन बंड करणं सोपं हो. आईबाप बाजारात भेटतील अशा गावात सही न करणं अवघड.

तळमजला
हे माझ्या लेखातच यायला हवं होतं. टाळ्या.

बर्फाळ_काका
पुढचे भाग वाचावेत का? की पहिल्यावर थांबावं?

तळमजला
पहिल्यावर थांबताच येत नाही, दहीमिसळ यांनी सांगितलेल्या कारणाने. दुसरा लगेच घ्या, दोन्ही मिळून एक पुस्तक होतं. पुढे क्लेअरलाही शेवटी सही करावी लागते, थेट अमेलीशी, आणि ती कुणासाठी करते ते सांगत नाही. नंतर कधीतरी तिचे आईबाबाच मॉर्गनव्हिलमध्ये राहायला येतात. मुलगी घर सोडून गेली की घरच मुलीकडे आलं, हे एवढं आपल्याकडचं वाटलं की मी मोठ्याने हसले. मधले काही भाग पाणी घातल्यासारखे आहेत. चौदाव्यात ती खरंच एमआयटीला जाते.

लेखिका २०२० साली कर्करोगाने गेल्या, त्यामुळे मालिका आहे तेवढीच.

रुखवत
मग मी लेकीला थेट चौदावा दिला तर? एमआयटीचा, प्रेरणादायी वगैरे?

तळमजला
नाही चालणार. तिसऱ्या भागात मायर्निन येतो, अर्धा वेडा शास्त्रज्ञ व्हॅम्पायर, क्लेअर त्याच्या प्रयोगशाळेत काम करते. तो माहीत नसेल तर चौदावा डोक्यावरून जाईल. आणि प्रेरणादायी म्हणशील तर, तिथे गेल्यावरही तिच्या मागचं शुक्लकाष्ठ संपत नाही.

रुखवत
बरं. पहिला मागवलाय. आधी मी वाचते, मग बघू.